पाय फुटलेली वाटी

आबा,

एकोणीस वर्षं तुमच्या घरात राहिले आणि एकदाचे तीन शब्द सोडले तर आज पहिल्यांदा तुमच्याशी सरळ बोलते आहे, तेही कागदावर. आज तुमचा अकरावा दिवस. माणसं जेवून पांगली आहेत, माझी यमू मागे भांडी घासते आहे, आणि मी तिच्या शाळेच्या जुन्या वहीत उरलेली पानं काढून धान्याच्या खोलीत बसले आहे. अक्षर चौथीतलंच आहे. सांभाळून घ्या.

ओट्यावर आलेला प्रत्येक जण दोन गोष्टी बोलतो. पहिली ही, की आप्पानं बापाला शेवटपर्यंत हातावर ठेवलं, खाटेवरून पाय खाली टेकू दिला नाही. दुसरी ही, की आबांची शेवटी अक्कल गेली होती, दुधाची वाटी विहिरीवर ठेवून विसरायचे. दोन्ही वेळा मी दाराआड उभी असते आणि पदर दातात धरते. पहिल्या गोष्टीनं तुमचे पाय गेले, असं माझं मत आहे. दुसरी गोष्ट खोटी आहे. ते खोटं तुमचं आणि माझं आहे, आणि तुम्ही गेलात, आता ते मोडायचं तर मलाच मोडावं लागेल. परवा तेराव्याला कळसाडीचे याही, म्हणजे व्याही, येणार आहेत. यमूचं लग्न त्यांच्या घरी वैशाखात ठरलं आहे. मी अडले आहे ती त्यासाठी.

सासऱ्यासमोर सुनेनं पदर नाकाखाली ओढायचा आणि आवाज ऐकू येऊ द्यायचा नाही, ही आपल्याकडची रीत. मी खांडबाऱ्याची. माझे वडील स्टेशनावर कामाला, म्हणून चार इयत्ता झाल्या. पण बोलायला मी तिकडेही लाजरीच होते, त्यामुळे ही रीत मला जड गेली नाही. जड गेली असेल ती तुम्हाला. तुम्हाला बोलल्याशिवाय चैन नसे. म्हणून तुम्ही म्हशीला मध्ये घेतलंत.

तुम्ही पडवीत पाटावर जेवायला बसायचात, समोर गोठा. पहिला घास घेऊन म्हणायचात, "चंद्री, घरमा सांग, आज दाळमा मीठ जास्त पडनं."

मी आतून पळी भांड्यावर एकदा आपटायची. म्हणजे, ऐकलं. दोनदा आपटली तर, मीठ बरोबर आहे, तुमची जीभ चुकते. त्यावर तुम्ही चंद्रीला म्हणायचात, "आयकं का? पळी बी उलटी बोलस आते." जिजी, तुमची बायको, हसून हसून ठसकायची. सून आणि सासरा अशा रीतीनं एकोणीस वर्षं बोलले, हे गावात कोणाला माहीत नाही.

जिजी होती तोवर तुम्ही कसे होता ते मला आठवतं. उजाडायच्या आत तापीकाठच्या शेतात चालत जायचात. न्याहारीला कळण्याची भाकर, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली, वर शेंगदाण्याची चटणी. दिवस मावळायच्या सुमाराला जेवण, त्यात अंबाडीची भाजी नाहीतर तुरीची दाट दाळ. सत्तरीच्या घरात होता आणि पाटावरून उठताना हात टेकत नव्हता. मी लहानपणी खांडबाऱ्याच्या बाजारात डोंगरातल्या म्हाताऱ्या पाहिल्या होत्या. नागलीची भाकर आणि उडदाची दाळ खाणाऱ्या, डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन चढ उतरणाऱ्या. वय विचारलं तर हसायच्या. तुम्ही त्यांच्यासारखे आहात, असं मला वाटायचं.

मग जिजी गेली. त्याच वर्षी केळीचा बाग उभा राहिला. एका लग्नात पंगतीत कोणीतरी ह्यांना म्हणालं, "काय हो आप्पा, केळीना बाग उभा शे, आन बाप अजून निंदाले जास?" पंगत हसली. हे घरी आले ते तोंड पाडून. आठ दिवसांत शहाद्याहून नवी खाट आली, गादी आली, तक्क्या आला.

"आबा, आते तुम्ही बठीसन खावानं," हे म्हणाले. "पानीना तांब्या बी हातमा येई."

"बठीसन काय करू?"

"काही नही. बठानं."

ह्यांच्या मनात तुमच्याविषयी माया सोडून दुसरं काही नव्हतं, हे मी जाणते. आपल्या लोकांत बापाला बसवून खाऊ घालणं हीच मुलाची इज्जत. जो बाप शेतात दिसतो त्याचा मुलगा नालायक. तुम्हीसुद्धा तुमच्या बापाला असंच बसवलं होतंत, जिजी सांगायची. दोन वर्षांत गेले ते.

आणि खरं बोलायचं तर, आबा, तुम्हालाही ते आवडलं. चिडू नका. दाढा पडल्या होत्या, भाकर चावत नव्हती. नवापूरकडचा गिरणीत कोंडा काढलेला पांढराशुभ्र तांदूळ यायला लागला. मऊ भात, तूप, वर साखर. दिवसातून चार वेळा चहा, त्यात बुडवून खारी. दाळ तुम्ही ताटातच ठेवायचात, भाजीला हात लावत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याला खाटेवरून सांगायचात, "आते आपलं राजानं जिणं." मी आतून ऐकायची आणि तांदूळ धुवायची.

वर्षभरात पोट सुटलं आणि मांड्या वाळल्या. धोतर पोटावर बसत नव्हतं आणि पायांवर लोंबत होतं. पाटावरून उठायला आधी एक माणूस लागे, मग दोन. एकदा तुम्ही चंद्रीला म्हणालात, आणि त्यात थट्टा नव्हती: "माणूस मराना तवय मरो, पन दुसराना खांदावर हात ठेवीसन परसाकडे जावानं नको." मी त्या दिवशी पळी वाजवली नाही. काय वाजवणार?

पावसाळ्यापूर्वी ह्यांनी डॉक्टर आणला. तो तरुण, पुण्याकडच्या बोलीचा. तुमच्या मांडीला चिमटा घेऊन बघितला, जीभ बघितली, काय खाता ते विचारलं. मग ओट्यावर येऊन म्हणाला, "रोग काही नाही. यांना तुम्ही बसवून आजारी पाडलंत."

"म्हणजे?"

"म्हातारपणी अंगातलं मांस आपोआप झडतं. ते टिकवायचं तर दोन गोष्टी लागतात. दाळ, दूध, दाणे, पाला पोटात गेला पाहिजे, आणि पायांनी रोज काम केलं पाहिजे. नुसतं खाल्लं तर पोट वाढतं, नुसतं चाललं तर माणूस वाळतो. हा पांढरा तांदूळ म्हणजे कोंड्याबरोबर सत्त्व फेकून दिलेला दाणा. चहानं भूक मारता, ते वेगळंच. बैल सहा महिने दावणीला बांधून ठेवा आणि मग उठवून बघा, उठतो का."

ह्यांचा चेहरा लाल झाला. "डाक्तरसाहेब, मन्हा बापनी साठ वरीस काम करं. आते त्याले परत जुंपू का?"

"जुंपू नका हो. चालवा."

"लोके काय म्हनतीन?"

डॉक्टर हसला, पेटी उचलली. "लोक तिरडी उचलायला येतील तेव्हा विचारा त्यांना." हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. तिथंच सगळं बिघडलं. तो डॉक्टर पुन्हा आपल्या दारात आला नाही आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही असं ठरलं. पण मी दाराआड होते. त्याचा शब्द न् शब्द मी ऐकला होता.

दुसऱ्या दिवसापासून तुमचं माझं भांडण सुरू झालं. तुम्हीही विसरला नसाल. तुम्हाला दात नव्हते, तर मी तुरीची दाळ भिजवून, वाटून, वाफवून त्याचे फुनके केले, कढीत बुडवून मऊ केले. भाताऐवजी ज्वारीच्या कण्या रटरटून शिजवल्या. अंबाडी घोटून दिली. तुम्ही वाटी डाव्या हातानं बाजूला सारलीत.

"चंद्री, तुन्ही ढेप आज मन्हा ताटमा कशी उनी?"

मी पळी दोनदा आपटली.

"आपट, आपट. भांडं फुटी. पन मी काय खावाव नही."

चार दिवस तुम्ही साखरभात मागितलात आणि चार दिवस मी फुनके पाठवले. पाचव्या दिवशी भुकेनं म्हणा, रागानं म्हणा, तुम्ही कढी ओरपलीत. "चंद्री, कढी बरी शे. बाकी तूच खाय." सहाव्या दिवशी वाटीत काही उरलं नव्हतं. मी चुलीपुढे बसून रडले, ते तुम्हाला कसं कळणार. ह्यांना मी सांगितलं, तांदूळ संपला आहे, नवा येईपर्यंत चालवून घ्या. तीही एक लबाडी.

खाणं झालं. चालणं राहिलं होतं. ते तुम्हाला सांगायला मला तोंड नव्हतं.

मग ती दुपार आली. घरात दुसरं कोणी नव्हतं. तुम्ही जेवलात आणि पाटावरून उठायला गेलात. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा कुशीवर कलंडलात आणि तसेच राहिलात. तुम्ही हाक मारली नाहीत, कारण हाक मारायची तर मलाच मारावी लागली असती. मी दाराआडून बघत होते आणि माझे पाय उंबऱ्याला चिकटले होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग मी बाहेर आले, पदर पार हनुवटीपर्यंत ओढला आणि म्हटलं, "आबा, हात द्या."

तुम्ही तोंड गोठ्याकडे वळवलंत आणि हात माझ्याकडे केलात. मनगटात वजन नव्हतं. खाटेवर बसल्यावर बराच वेळ धापा टाकत होता, मग म्हणालात, "चंद्री, घरमा सांग, मी पडनू नही. जरासा लवंडनू."

मी आत जाऊन पळी एकदाच वाजवली.

दुसऱ्या दिवशी मला युक्ती सुचली. दुपारी तुम्हाला दूध लागायचं. त्यात मी दाळ्याचं पीठ आणि खारीक कुटून घालायला लागले होते, आणि ते तुम्हाला साखरभातापेक्षा आवडायला लागलं होतं. ती वाटी मी खाटेजवळ न ठेवता पडवीच्या खांबाजवळ ठेवली. चार पावलांवर. तुम्ही बघितलं, खाकरलात, वाट पाहिलीत. मी गेले नाही. शेवटी भिंत धरून तुम्ही गेलात. चार दिवसांनी वाटी गोठ्याच्या दारात. मग चंद्रीच्या पलीकडे. मग मागच्या कुडाजवळ.

"चंद्री, या घरमा वाटीले पाय फुटनात. काल तुन्हाजोडे व्हती, आज पार कुडजोडे. उद्या तापीपार जाई का?"

पळी एकदा. म्हणजे, जाईल.

"मंग मी बी जासू," तुम्ही म्हणालात. आबा, त्या दिवशी मला इतका आनंद झाला की भाकर करपली.

हे शेतातून यायच्या आत तुम्ही खाटेवर परत असायचात. आपण काही ठरवलं नव्हतं, तरी दोघांनाही ठाऊक होतं की हे कोणाला दिसता कामा नये. दिवाळीपर्यंत तुम्ही गुडघ्यावर हात ठेवून पाटावरून एकटे उठायला लागलात. एका पहाटे तांब्या घेऊन एकटेच परसाकडे जाऊन आलात. कोणी उठायच्या आत. मी चूल पेटवत होते. परत येताना तुम्ही मुद्दाम तांब्या खणकन ठेवलात, मला ऐकू यावा म्हणून. तुमच्या बाजूनं वाजलेलं ते पहिलं भांडं.

वाटी तोवर विहिरीच्या कठड्यावर पोचली होती. वर झाकण आणि झाकणावर दगड.

कळसाडीचे याही यमूच्या सुपारीला, लग्न पक्कं करायला, सांगितलेल्या दिवसाच्या एक दिवस आधी आले. बैलांना पाणी पाजायला म्हणून गाडी मागच्या अंगाला, विहिरीपाशीच सोडली. तुम्ही भिंत धरून तिथं पोचला होता, वाटी हातात, मिशीला दूध. याहीणबाई गाडीतून उतरता उतरता म्हणाल्या, "आप्पा, तुमना घरमा डोकराले दूध लेवाले विहिरवर यावं लागस का?"

हे पुढून धावत आले. याही हातपाय धुवायचे थांबून बघत होते. जिथं म्हाताऱ्याचे असे हाल, तिथली मुलगी आमच्या म्हाताऱ्यांना काय बघणार, असा तो प्रश्न होता. कोणी तो मोठ्यानं विचारला नाही, पण यमू माझ्या मागे उभी होती आणि तिलाही तो कळला.

"वाटी कोनी ठेवी आठे?" ह्यांनी विचारलं.

मी मागच्या दारात होते. मला बोलायचं होतं.

तुम्ही दाराकडे बघितलंत. एकोणीस वर्षांत तुम्ही माझ्याकडे बघितलेलं मला तेवढंच माहीत आहे. मग तुमचा चेहरा एकदम ढिला झाला, ओठ लोंबले, आणि तुम्ही म्हणालात, "मीच ठेवी व्हती रे. कोठे ठेवी ते याद नही ऱ्हायनी. तीच धुंडी ऱ्हायनू."

"आरे देवा," याहीणबाई हळहळल्या. "डोकरानं डोकं गयं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. म्हाताऱ्याची अक्कल गेली, त्याला कोण काय करणार? दोन माणसांनी तुम्हाला उचलून खाटेवर आणलं. उचलून, आबा. तुम्ही तुमच्या पायांनी आला असतात. यमूची सुपारी त्याच संध्याकाळी फुटली.

त्या दिवसापासून ह्यांनी एक गडी तुमच्यापाशी बसवला. तुम्ही पाय खाली सोडला की तो ओरडायचा, "आबा, बठा, बठा!" वेडा माणूस विहिरीत पडेल, ही भीती. ती भीती तुमच्या माझ्या खोट्यातून आली होती, आणि मी ती रोज बघत होते. फुनके पाठवत राहिले, दूध पाठवत राहिले. तुम्ही सगळं खाल्लंत. टोमणा मात्र मारला नाहीत. चंद्रीशी तुमचं बोलणंच बंद झालं. पोटात जात होतं, मांडीपर्यंत पोचत नव्हतं. महिन्यात पाय पुन्हा काटक्या झाले. पौषात खोकला लागला, कूस वळवायचं बळ राहिलं नाही, कफ छातीतच बसला. माघात तुम्ही गेलात.

तुम्ही ते का बोललात, हे मला विचारायचं आहे. माझ्यासाठी? यमूसाठी? की सुनेनं ठेवलेल्या वाटीमागे आपण फिरत होतो, हे चार लोकांत कळलं असतं याची तुम्हाला लाज वाटली? तिन्हीतलं कोणतंही असलं तरी मी रागावणार नाही. रागावले आहे ती स्वतःवर.

*

तेराव्याची संध्याकाळ. मधे काल लिहायला झालं नाही.

आज पंगत उठल्यावर पुरुष पडवीत बसले. याही बोलत होते, मायेनंच बोलत होते. "आबा भलता चांगला माणूस. पन शेवटले अक्कल गई बिचाराची. दूधनी वाटी विहिरवर ठेवे आन मंग धुंडत फिरे." लोक हसले. हेही हसले, डोळे पुसत. मी दारात हातात ताकाचा तांब्या घेऊन उभी होते.

"वाटी मी ठेवे," मी म्हटलं. "आबानी अक्कल शेवटलोंग शाबूत व्हती."

याही इकडेतिकडे बघायला लागले. "कोन बोलनं ते?" त्यांना कळेना, कारण माझा आवाज त्यांच्यातल्या कोणी ऐकलेला नव्हता. मी तांब्या खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, फुनके, खांब, गोठा, कूड, विहीर. पाठ फिरवून, पदर ओढून, पण सगळं. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

याही उठले, पागोटं घातलं. जाताना म्हणाले, "बघू, आप्पा." एवढंच. गाडी गेली. बघू म्हणजे काय, ते बघूच. यमू मागच्या खोलीत आहे. रडते की नाही, ऐकू येत नाही.

मग हे स्वयंपाकघराच्या दारात आले. मला वाटलं, हात उचलतील. उचलला नाही. चौकट धरून उभे राहिले.

"खरं शे?"

"खरं शे."

"आबा चालतंत?"

"पाटवरथीन एकला उठेत. परसाकडे एकला जायेत."

ते खाली बसले. उंबऱ्यातच. मग म्हणाले, "मंग तवय का बरं नही बोलनी? मी त्यास्ले चालू देतू."

आबा, मी चुलीतली राख ओढायला लागले. ह्यांनी खरंच चालू दिलं असतं का, तेही आता कळायचं नाही. पण मी का बोलले नाही, ते मला माहीत होतं. त्या दिवशी विहिरीपाशी एका बाजूला यमूचं लग्न होतं आणि दुसऱ्या बाजूला तुमचे पाय, आणि मी लग्न उचललं. तुम्हीही तेच उचललं असतंत, असं मी तीन महिने स्वतःला सांगत आले.

तुम्हाला विचारलं मात्र नाही. गडी जेवायला जायचा, दुपार मोकळी असायची, आणि तुम्ही दहा पावलांवर होता.